घडीच्या चाकूची मूठ कशी पारखावी: नाशिकच्या हवेत संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

घडीच्या पारंपरिक चाकूंचा संग्रह सुरू करणारा नवखा माणूस आधी पाते पाहतो, पोलाद कोणते ते विचारतो आणि मुठीकडे सर्वांत शेवटी वळतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पात्यावरचा गंज बहुतेक वेळा काढता येतो आणि बोथट पात्याला पुन्हा धार लावता येते. पण रिव्हेटपाशी, म्हणजे मूठ जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यापाशी, तडकलेले हाड, पापुद्रे सुटलेले शिंग किंवा आतून कुजू लागलेले सेल्युलॉइड हे जुने प्लॅस्टिक यांना पूर्वस्थितीत आणता येत नाही.

त्यात आपल्या हवेची भर पडते. या छंदाविषयीची बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांनी आपापल्या हवामानाला धरून लिहिली आहे. नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते, दिवाळीनंतर ती झपाट्याने कोरडी होते, डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकड्यावर उतरतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी तो चाळिशीच्या आसपास असतो. हाड, शिंग आणि लाकूड या चक्रात फुगतात आणि आकसतात. म्हणून पुढची तुलना मी दोन प्रश्नांवर केली आहे: विक्रेता सांगतो तोच हा पदार्थ आहे का, आणि इथले उन्हाळे-पावसाळे तो सोसेल का. देखणेपणाचा निवाडा ज्याचा त्याने करावा.

१. आधी मुठीची रचना समजून घ्या

पारंपरिक घडीच्या चाकूची मूठ सहसा एकसंध नसते. मध्ये पाठीची स्प्रिंग, तिच्या दोन्ही बाजूंना पातळ पितळी पत्रे म्हणजे अस्तर, आणि त्या अस्तरांवर बाहेरून रिव्हेटने बसवलेल्या हाडाच्या, शिंगाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या अशी ती रचना असते. टोकांना धातूची जी जाड टोपी दिसते तिला संग्राहक बोल्स्टर म्हणतात आणि ती बहुधा जर्मन सिल्व्हरची असते. या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते. “चांदीच्या टोपीचा चाकू” असे कोणी सांगू लागले तर तेवढ्यावरून जास्त पैसे देऊ नका.

पितळी पत्रा हवेतल्या ओलाव्याने फुगत नाही, पट्टी मात्र फुगते आणि आकसते. हा सगळा ताण रिव्हेटच्या भोकावर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. त्यामुळे कोणताही चाकू हातात घेतल्यावर रिव्हेटभोवतीची जागा आणि पट्टी बोल्स्टरला जिथे भिडते तो सांधा प्रथम पाहावा. त्या सांध्यात फट दिसली तर पट्टी आकसली आहे असे समजावे.

२. जवळ ठेवायची साधने

– दहा पट मोठे दाखवणारे भिंग, जे सराफ वापरतात तसले.
– पांढऱ्या उजेडाची लहान टॉर्च.
– मऊ सुती कापड आणि लाकडी दात-कोरणी. धातूची सुई नको.
– शिलाई मशीनचे तेल.
– सिलिका जेलच्या पुड्या.
– नोंदवही, आणि छायाचित्र घेताना शेजारी ठेवायला मोजपट्टी.

३. नैसर्गिक पदार्थ

हाड हा पारंपरिक चाकूंमधला सर्वांत रुळलेला पदार्थ आहे आणि नवख्याने आपली नजर यावरच तयार करावी, असे मला वाटते. ते बहुतेक वेळा गाईबैलांच्या पायाच्या नळीचे असते, कधी उंटाचेही असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते घरात आणणे मान्य नसेल, तर त्याचा विचार खरेदीआधी करावा. गुळगुळीत हाड निसटू नये म्हणून त्यावर यंत्राने खाचा पाडून खोदीव नक्षी करतात आणि मग ते रंगवतात. तपकिरी, हिरवे किंवा लाल हाड जन्मतः त्या रंगाचे नसते. भिंगाखाली, विशेषतः पट्टीच्या कडेला, बारीक ठिपके किंवा रेषा दिसतात. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या होत, आणि हाड ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे. आपल्या हवेत हाड बऱ्यापैकी टिकते, मात्र पाण्यात बुडवल्यानंतर उन्हात वाळवले तर रिव्हेटपाशी तडकते. सततच्या उन्हाने त्याचा रंगही उडतो.

म्हशीचे शिंग दिसायला काळेभोर, हाताला ऊबदार आणि पॉलिशला उत्तम असते. फ्रान्समधल्या लागिओल पद्धतीच्या चाकूंना ओब्राक पठारावरच्या गाईंचे फिकट, धुरकट छटांचे शिंग लावण्याची परंपरा आहे. घटनेने मात्र शिंग हाडापासून अगदी वेगळे आहे: ते केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्या आणि केसांच्या द्रव्याचे बनलेले असते आणि थरांनी वाढते. कोरड्या उन्हाळ्यात हे थर सुटू लागतात, पट्टी कडेला वर उचलली जाते आणि बोल्स्टरपाशी फट पडते. शिवाय केराटिन खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या शिंगाला लागतात. पृष्ठभागावर कुरतडल्यासारखे उथळ खड्डे दिसले तर तो चाकू बाकीच्या संग्रहापासून लगेच वेगळा काढावा. नाशिकच्या हवेत नैसर्गिक पदार्थांपैकी सर्वांत जास्त देखभाल शिंगालाच लागते, त्यामुळे पहिल्या खरेदीत ते टाळलेले बरे.

सांबरशिंग हे गळून पुन्हा उगवते आणि घटनेने ते हाडच असते. बाहेरची खडबडीत तपकिरी साल आणि घासलेल्या जागी दिसणारा पिवळसर गाभा यांमुळे त्याच्या दोन पट्ट्या कधीही हुबेहूब सारख्या नसतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर भारतातले सांबरशिंग पसंत करत, कारण युरोपातल्या हरणांच्या शिंगापेक्षा ते अधिक घट्ट असते. पदार्थ म्हणून ते उत्कृष्टच आहे. अडचण कायद्याची आहे आणि ती पुढे सहाव्या पायरीत आली आहे.

लाकडांत आबनूस, शिसव, अक्रोड, ऑलिव्ह आणि बीच ही नावे वारंवार भेटतील. घट्ट आणि तेलकट लाकूड कमी फुगते-आकसते, हलके लाकूड जास्त. याचे उत्तम उदाहरण फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतात १८९० मध्ये सुरू झालेला ओपिनेल चाकू आहे. त्याची मूठ वर सांगितल्याप्रमाणे पट्ट्यांची नसून बहुधा बीचच्या एकाच तुकड्याची असते आणि तिच्यात पात्यासाठी खाच कापलेली असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, खाच आवळते आणि पाते नखाने उघडेनासे होते. अशा वेळी पकड किंवा दात लावू नयेत. मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटले की पाते थोडे बाहेर येते. साव्हॉयमधले लोकही हेच करतात. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की ते आपोआप सैल होते, म्हणून जुलैमध्ये खाच कानशीने रुंद करू नका. हिवाळ्यात तेच पाते खुळखुळू लागेल.

मोत्याच्या शिंपल्याच्या पट्ट्या ओलाव्याने फुगत नाहीत, पण त्या ठिसूळ असतात आणि फरशीवर एकदा पडल्या की संपल्या. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असल्याने लिंबू, चिंच किंवा कोणतेही आम्ल त्याची चकाकी खाऊन टाकते.

४. मानवनिर्मित पदार्थ

यांना सरसकट “प्लॅस्टिक” म्हणून बाजूला सारू नका. यांतले काही हाडापेक्षा जास्त टिकतात, आणि एक मात्र सबंध पेटीचा नाश करू शकतो.

तो एक म्हणजे सेल्युलॉइड. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे हे मिश्रण कोणत्याही रंगात, कासवाच्या पाठीच्या किंवा मोत्याच्या आभासासह बनवता येत असे. त्यामुळे जुन्या फाउंटन पेनांप्रमाणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चाकूंनाही त्याच्या अत्यंत सुंदर मुठी लाभल्या. मात्र काही दशकांनी त्याचे विघटन सुरू होते. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते. हे आम्ल आधी पितळी अस्तरावर हिरवा थर आणते, मग पात्याला मुठीलगतच्या भागात गंज चढवते आणि बंद पेटीत शेजारी ठेवलेल्या निरोगी चाकूंनाही सोडत नाही. उष्णता आणि दमटपणा यांनी ही प्रक्रिया वेगाने होते, आणि नाशिकमध्ये या दोन्ही गोष्टी आलटून पालटून मिळतात.

ओळखायचे कसे? पट्टी अंगठ्याने जोरात घासून लगेच नाकाशी धरा. देवघरातला कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. पृष्ठभाग घामेजलेला किंवा चिकट लागणे, आत बारीक तड्यांचे जाळे दिसणे, मूळचा पांढरा भाग पिवळा पडणे आणि पाते केवळ मुठीच्या बाजूनेच गंजलेले असणे या विघटनाच्या खुणा आहेत. अशा चाकूला कितीही कमी किंमत सांगितली तरी घेऊ नये. चांगल्या स्थितीतला सेल्युलॉइडचा चाकू घ्यायचाच असेल, तर तो बाकीच्यांपासून दूर, हवा खेळती राहील अशा जागी ठेवावा.

डेलरिन हे ड्यूपाँट कंपनीने १९६० मध्ये बाजारात आणलेले टणक प्लॅस्टिक आहे आणि हाडाच्या खोदीव नक्षीची नक्कल करण्यासाठी ते सर्रास वापरले गेले. ते जवळजवळ पाणी शोषत नाही आणि आकसतही नाही. संग्राहक त्याला नाके मुरडतात, त्यामुळे त्याच्या मुठीचे चाकू तुलनेने स्वस्त मिळतात. पदार्थाचे नाव खरे सांगितलेला डेलरिनचा चाकू मी कधीही कमी लेखणार नाही. तोच हाडाचा म्हणून विकला तर ती फसवणूक आहे.

मायकार्टा म्हणजे कागदाचे किंवा कापडाचे थर फिनॉलिक रेझिन या राळेसारख्या कृत्रिम द्रव्यात भिजवून दाबाखाली तापवून केलेला फळा. वेस्टिंगहाऊसने तो १९१० च्या सुमारास विद्युत रोधक म्हणून आणला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इलेक्ट्रिक पॅनेलचे काम केलेल्यांना याच कुळातला फळा “हायलम” या नावाने चांगला परिचित असेल. कापडाच्या मायकार्टावर कडेला विणीच्या रेषा स्पष्ट दिसतात, ओल्या हातातही तो निसटत नाही आणि आपल्या हवेत त्याला जवळपास काहीच होत नाही. हाताच्या तेलाने तो गडद होत जातो, हा त्याचा दोष नाही.

स्विस चाकूंमध्ये एकाच वस्तूचा इतिहास पदार्थांमधून वाचता येतो. तिथल्या सैनिकांच्या १८९० च्या चाकूला काळे केलेले ओक लाकूड होते. ते ढलपत असल्याने १९०८ मध्ये फायबर (दाबून टणक केलेला कागदी पदार्थ) आले आणि १९६१ मध्ये ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे ॲलॉक्स. सैन्याबाहेरच्या नेहमीच्या लाल चाकूला सेलिडॉर नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि त्या दाबून बसवलेल्या असल्याने बदलता येतात. नाशिकमध्ये ॲलॉक्सला घामाचा हात लागल्यावर पुसून ठेवण्यापलीकडे निगा लागत नाही.

पितळी मुठीविषयी एवढेच सांगतो की तिच्यावर चढलेला तपकिरी थर हे तिचे वय आहे. भांडी बाजारातून आणलेला तांब्या आपण चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख करतो, तसा चाकू करू नये. किंमत त्याच मिनिटाला उतरते.

५. खरे की नक्कल, हे तपासा

तापवलेली सुई टोचून वास घेण्याची युक्ती अनेक जण सांगतील. ती करू नका. पट्टीवर कायमची खूण राहते, आणि पदार्थ सेल्युलॉइड निघाला तर तो भडकन पेटतो.

त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या शेजारी शेजारी तुलना करून पाहा. हाडाचे ठिपके, शिंगाचे थर आणि लाकडाच्या रेषा दोन्हीकडे वेगळ्या असल्या पाहिजेत. नक्षी आणि रंगछटा दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या असतील तर पट्टी साच्यातून निघाली आहे. मग कडेकडून पाहा. रंगवलेल्या हाडात रंग बाहेरून आत फिका होत जातो, प्लॅस्टिकमध्ये तो आरपार एकसारखा असतो. शेवटी पट्टी गालाला लावा: शिंपला आणि हाड गार लागतात, प्लॅस्टिक कमी गार.

काही कारखाने स्वतःच पदार्थ सांगून ठेवतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीच्या चाकूंवर पात्याच्या मुळाशी जो क्रमांक असतो, त्यातला पहिला अंक मुठीचा असतो: ६ म्हणजे नक्षीचे हाड, ५ म्हणजे सांबरशिंग, ३ म्हणजे पिवळा कृत्रिम पदार्थ, २ म्हणजे काळा. दुसरा अंक पात्यांची संख्या सांगतो. अशा रीतीने ६३१८ हा हाडाच्या मुठीचा, तीन पात्यांचा, १८ क्रमांकाच्या घडणीचा चाकू होतो. यातला सापळा असा की हाडाची नक्कल करणाऱ्या काही डेलरिनच्या चाकूंवरही ६ हाच अंक आहे, त्यामुळे अंक पाहिल्यावरही भिंग बाहेर काढावेच लागते. या कंपनीने १९७० मध्ये नावाखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एक कमी केला, त्यामुळे त्या दशकातल्या चाकूचे साल काढता येते. साल आणि पदार्थ जुळतात का हे नेहमी पडताळावे: १९४० चा ठसा (मुळाशी उमटवलेली खूण) असलेल्या पात्याशेजारी डेलरिनची पट्टी असेल, तर मूठ नंतर बदलली आहे.

लागिओल या नावावर मात्र विसंबू नका. ते एका कारखान्याचे नाव नसून फ्रान्समधल्या गावाचे आणि तिथल्या घडणीचे नाव आहे, आणि ते कोरलेले चाकू इतरत्रही भरपूर बनतात.

६. कायदा आणि कागदपत्रे

सांबर आणि चितळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे आणि त्यांची शिंगे, मग ती जंगलात आपोआप गळलेली का असेनात, बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आहेत. “जुने आहे, चालते” या विक्रेत्याच्या शब्दाला कायद्यात अर्थ नाही. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीचे कवच यांपासूनही दूर राहावे. वडिलोपार्जित चाकूवर असा पदार्थ निघाला तर तो विकायला काढण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारावे.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे; या लेखातले खिशातले चाकू त्याहून बरेच लहान असतात. परंतु नाशिक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत सण-उत्सव, निवडणुका अशा निमित्तांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघत असतात आणि त्यांत चाकू जवळ बाळगण्यालाही मनाई असू शकते. संग्रहातला चाकू खिशात घालून रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला जाऊ नये. सिंहस्थाच्या काळात तर नाहीच. ओझरहून विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

प्रत्येक चाकूसोबत पुढील कागद ठेवा:
– खरेदीची पावती, तीवर मुठीच्या पदार्थाचे नाव लिहून घेतलेले.
– परदेशातून आला असल्यास सीमाशुल्काची कागदपत्रे.
– दोन्ही पट्ट्यांची, रिव्हेटची आणि ठशाची मोजपट्टीसह छायाचित्रे.

पावतीवर “हाड” असे लिहायला विक्रेता तयार होत नसेल, तर ते हाड नाही असे धरून चला.

७. पहिली खरेदी

माझा सल्ला असा की पहिले दोन चाकू हाडाचा एक आणि डेलरिनचा किंवा मायकार्टाचा एक असे घ्यावेत. दोन्ही हाताळल्याशिवाय तिसरा घेऊ नये. लाकडाचा ओपिनेल स्वस्त असल्याने अधेमध्ये केव्हाही चालेल. शिंग आणि शिंपला वर्षभरानंतर, सेल्युलॉइड त्याहूनही नंतर.

डोळा आणि हात तयार करायला खर्चच करावा लागतो असे नाही. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तूंत अधूनमधून घडीचे चाकू दिसतात. बहुतेक संग्रहायोग्य नसतात, पण आकसलेली पट्टी आणि सैल रिव्हेट कशी दिसते ते तिथे फुकट शिकता येते. दिंडोरी-पिंपळगावकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाची कलमे करणाऱ्या अनुभवी लोकांना त्यांचा कलमाचा चाकू दाखवायला सांगा. कोणती मूठ घामाने निसटते आणि कोणती दिवसभराच्या कामानंतरही हाताला बोचत नाही, हे ते नेमके सांगतात. सुटीत पुण्या-मुंबईला जुन्या बाजारात गेलात तर भिंग बरोबर असू द्या, आणि ते वापरू न देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

८. नाशिकच्या वर्षाप्रमाणे निगा

मे अखेरीस सर्व चाकू बाहेर काढून पाते आणि सांधे पुसावेत आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. खोबरेल तेल वापरू नये: थंडीत ते बाटलीत गोठते तसेच सांध्यातही गोठते आणि कालांतराने चिकट होते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि ते ओले झाले की बदलावे. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून देऊ नयेत, कारण चामडे ओल धरते.

दिवाळीनंतर लक्ष पात्याकडून मुठीकडे वळवावे. शिंगाला आणि हाडाला सुती कापडाने खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवून लगेच कोरडे पुसावे. लाकडाला जवसाचे तेल चालते, मात्र त्याची कापडे बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटू शकतात. डेलरिन, मायकार्टा आणि ॲलॉक्स यांना यातले काही लागत नाही. शिंगाच्या चाकूंसाठी डांबरगोळ्या ठेवायच्या असतील तर त्याच डब्यात प्लॅस्टिकच्या मुठी ठेवू नयेत, कारण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते.

डबा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नये. एप्रिलमध्ये ते कपाट संध्याकाळपर्यंत तापलेले राहते. घराच्या मधल्या खोलीतला लाकडी खण बरा. सेल्युलॉइडचा चाकू असेल तर त्याच्यासाठी निराळा, भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका करावा, त्यावर तपासणीची तारीख लिहावी आणि दर महिन्याला तो उघडून वास घ्यावा.